टाळूपासून टाचेपर्यंत

आत्या,

तू गेल्यापासून घरात कुणी अंगाला तेल लावलेलं नाही. सुतकात लावत नाहीत. पौषातली थंडी, आणि डोंगरावरून उतरणारा कोरडा वारा. माझे ओठ फुटलेत, हाताची सालं निघताहेत, टाचांना भेगा पडल्यात. आईचे हात तर चुलीतल्या लाकडासारखे दिसतात. आपल्या दहिवलीच्या घरात सगळ्यांची अंगं एकदम अशी कोरडी पडल्याचं मला आठवत नाही. तू असतीस तर असल्या पायांनी कुणाला उंबरा ओलांडू दिला नसतास. आणि हे झालं ते तुझ्याचमुळे. याचं मला थोडं हसू येतं, मग राग येतो. राग जास्त येतो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी तसं लिहून पाहिलं, पण वाचताना ते दुसऱ्याच कुणाच्या आत्याबद्दल वाटलं. म्हणून आता जे आहे ते लिहितो. मला फारसं लिहिता येत नाही. आपल्या घरात पत्रापलीकडे काही लिहिणारा मीच पहिला, त्यामुळे असलं काही कसं लिहितात हे विचारायलाही कुणी नाही. चुकलं तर चुकू दे. निदान मी चुकलं म्हणेन.

आधी तुझे उपकार. ते टाळले तर बाकीचं लिहायचा मला हक्क राहणार नाही.

मी लहान असताना मला खरूज झाली होती. बोटांच्या बेचक्यांत, कोपरांवर, पोटावर. मास्तरांनी मला शाळेच्या पायरीवरून परत पाठवलं. बा म्हणाला, नसंल शाळा नशिबात तर गुरांमागं जाईल. तू मात्र कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं मला अंघोळ घातलीस, माझे कपडे, गोधडी, सगळं उकळलंस, करंजेल चोळलंस आणि मागच्या पडवीत उन्हात बसवलंस. करंजेलाच्या वासानं मला ओकारी यायची. खाजवायला हात गेला की तू माझं मनगट धरून ठेवायचीस. धरून बसायचीस, गप्पा मारायचीस. "कुत्र्यावानी खाजवू नको रं, मानूस हायस." खरूज गेली, शाळा परत मिळाली. बा अजून लोकांना सांगतो, "पोराचं कॉलेज भागीच्या करंजेलावर उभं हाय." ते खरं आहे. नाकारत नाही.

तुझं शास्त्र मला पाठ आहे. हरभऱ्याचं पीठ नाहीतर मसुराचं, त्यात आंबेहळद, वाळा, नागरमोथा, दुधावरची साय. उन्हाळ्यात तोंडाला ताक. थंडीत कोकमतेलाचा गोळा निखाऱ्यावर ऊन करून भेगांत भरायचा. केसांना शिकेकाई. जेवणात नाचणी, पालेभाजी, सार, तळलेलं सणाला. दिवेलागण झाली की थोड्या वेळात अंथरूण. आणि कुणी कसलीही तक्रार घेऊन आलं, पुटकुळी असो की गजकर्ण, तुझा पहिला प्रश्न एकच. "पोट साफ हाय का?" कर्जतच्या शाळेचे मास्तर एकदा बाला भेटायला आले होते, त्यांच्या गालावर फोड पाहून तू त्यांनाही विचारलंस. ते बिचारे चहा तसाच ठेवून उठले.

मी पहिल्या सुट्टीत मुंबईहून आलो तेव्हा माझ्या तोंडावर मुरमं होती.

"काय खातोस रं तितं?"

"खानावळीचं जेवण. कधी भजी."

"मंग तोंडावर भजीच उठायची."

वेणू हसून हसून खाली बसली. तुझ्या या बोलण्यावर आम्ही दोघं भावंडं वाढलो. आणि या सगळ्याच्या मुळाशी तुझं एक वाक्य होतं. कातडं एकच असतं, टाळूपासून टाचेपर्यंत. बायका तोंडाला साय लावायला यायच्या आणि तू आधी त्यांच्या टाचा बघायचीस. म्हणायचीस, "वरचं लाडकं नि खालचं दोडकं, असं करू नये. टाच फुटली तं तोंडावर दिसतं." मला हे लहानपणी फार शहाणपणाचं वाटायचं. आजही निम्मं वाटतं. उरलेल्या निम्म्यानं वेणूचा गाल गेला.

साबणाचंही आठवतं. मी मुंबईहून वेणूसाठी गुलाबाच्या वासाचा साबण आणला. लढाईचे दिवस होते, साधं रॉकेल मिळायची मारामार. मी तो साबण दोन महिने चहा सोडून घेतला होता. वेणूनं तो हुंगला, पदरात ठेवला, परत हुंगला. तू हात पुढे केलास, तिनं दिला. तू उठलीस, गोठ्यात गेलीस आणि माझ्यादेखत म्हशीच्या पाठीला लावलास.

"साबन कापडांना आन् जनावरांना," तू म्हणालीस. "पोरीच्या तोंडाला नाय."

दुसऱ्या दिवशी धार काढताना बा म्हणाला, "म्हैस लग्नाला निघालीय काय आज?" सगळे हसले. मीही हसलो. वेणू हसली नव्हती, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तिचं होतं ते, आत्या. तिला विचारायला हवं होतंस. वेणूच्या तोंडावर काय लावायचं हे वेणूला विचारायचं असतं, हे तुला कधीच सुचलं नाही.

आता तेच लिहितो.

साजगावचं स्थळ आलं होतं. मुलगा खोपोलीला विजेच्या कारखान्यात कामाला. तिकडची माणसं दिवाळीच्या आधी वेणूला बघायला येणार होती. वेणूच्या डाव्या गालावर डोळ्याखाली एक चामखीळ होती, मसुराएवढी. आम्हा कुणाला ती दिसायचीही नाही. तुला दिसली. डोंगरातल्या ठाकरणी बिब्बे घेऊन यायच्या, ते तू घेऊन ठेवायचीस. बिब्बा तापवून त्याचं काळं तेल टाचेच्या भेगेत भरायचं, काटा मोडला तर तिथं लावायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात. पण तो काहींच्या अंगावर उततो, सूज येते, फोड उठतात, कातडं जळाल्यासारखं होतं. हेही सगळ्यांना ठाऊक. म्हणून तो पायालाच लावतात.

तू तो वेणूच्या गालाला लावलास. सुईच्या टोकानं, चामखिळीवर.

मी सुट्टीला आलो तेव्हा तिचा डोळा नुकता उघडू लागला होता. तिळाचा लेप, खोबऱ्याचं दूध, सगळं करून झालं होतं. चामखीळ गेली होती. तिच्या जागी रुपयाएवढा काळपट, आवळलेला डाग होता, आणि तो गेला नाही. साजगावच्या माणसांना आईनं पोरीला ताप आहे म्हणून कळवलं. त्यांना खरं काय ते कळलंच. निरोप आला, "पुढं बघू." त्यानंतर कुणी आलं नाही.

मी तुला पडवीत गाठलं. तू पाट्यावर हळद वाटत होतीस.

"आत्या, तोंडाला बिब्बा लावतात का कुठं?"

"टाचंला लावतात ना? कातडं एकच."

"एकच नसतं. टाचेचं जाड असतं, गालाचं पातळ. पुस्तकात दिलंय."

"तुझ्या बुकात टाच कुनाची व्हती रं?"

एरवी मी हसलो असतो.

"वेणूचा डोळा गेला असता."

"गेला का?"

"आत्या."

"तिनं हात लावला. मी बजावलं व्हतं, हात लावू नको. खाजवलं आसंल पोरीनं."

वेणू घागर घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. तशीच आत गेली. ती खाजवणारी पोर नाही. आमचं सगळं लहानपण तू मनगटं धरून आम्हाला न खाजवायला शिकवलंस, आणि तिच्यावरच तू हे घातलंस. बिब्बा ही चूक होती. ती मी विसरलो असतो. पण हे वाक्य नुसती चूक नव्हती.

"एकदा म्हण, माझं चुकलं," मी म्हणालो. "मला नको म्हणूस. वेणूला म्हण."

तू वरवंटा उचललास आणि परत वाटायला लागलीस.

त्या दिवाळीत पहाटे तू नेहमीसारखी तेलाची वाटी आणि उटणं घेऊन बसलीस. सगळ्यांना तू रगडायचीस, बालासुद्धा, आणि बा "मेलो मेलो" करायचा. माझी पाळी आली तेव्हा मी तुझ्यासमोरून विहिरीवर गेलो आणि साबणानं अंघोळ केली. परत आलो तर तू वाटी धरून तशीच बसलेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. एका वाक्याची वाट मी बघत होतो आणि ते तुझ्या तोंडात होतं. त्यानंतर वर्षभर आपण "जेवलास का", "जेवलो" एवढंच बोललो.

मग निरोप आला की तुझा ताप उतरत नाही. मी पोचलो तेव्हा तुला अंगणात घेतलं होतं. तुला मूलबाळ नाही, नवरा गेल्यावर माझ्या जन्माआधीच तू भावाच्या घरी आलीस, म्हणून अग्नी मलाच द्यायचा होता. ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही त्याच्या हातून. लुगड्याच्या आडोशाआत बायका तुला अंघोळ घालत होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांची लग्नाआधीची अंगं तू उजळवलेली. आतून कुणाचा तरी आवाज आला, "कानामागं नीट घासा गं, न्हायतर उठून सांगंल." आणि रडता रडता सगळ्या हसल्या. मी बाहेर मडकं धरून उभा होतो. मला हसूही आलं नाही आणि रडूही. मला एवढंच वाटत होतं, आता ती म्हणणार नाही. आता ते कायमचं राहिलं.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठावर माझं डोकं भादरलं. पिंड ठेवला. लोक लांब सरकून उभे राहिले. कावळा शिवायला वेळ लागला की गेलेल्याचं काही राहिलंय असं मानतात, मग जवळचा माणूस पुढे होऊन शब्द देतो. बानं माझ्या पाठीला हात लावून हळूच सांगितलं, "तयार रहा. वेणूचं लगीन करीन म्हन. तिचा जीव त्यात आसंल." मी तयार होतो, पण दुसऱ्याच गोष्टीसाठी. मी मनात ठरवलं होतं की मी शब्द देणार नाही, मागणार. पुढे होऊन सगळ्यांदेखत म्हणेन, आत्या, वेणूला काय सांगायचं राहिलंय ते आता सांग.

मागे सरकून पाऊलही टेकलं नसेल, तोच कावळा आला. सरळ पिंडावर बसला आणि चोच मारली. "सुटली," म्हातारी माणसं म्हणाली. "भागीचं काय राह्यलं नव्हतं."

म्हणजे तुझं काही राहिलंच नव्हतं, आत्या. आयुष्यात मला कुठल्या पाखराचा इतका राग आला नव्हता.

*

इथपर्यंत सुतकात लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितोय.

काल तेरावं झालं. पाहुणे गेले. आज सकाळी आईनं सांगितलं की आता तेल लावायला हरकत नाही. मी मागच्या पडवीत बसलो होतो. उद्या मला मुंबईला परत जायचं. वेणू तिथं आली, हातात तुझी पितळेची वाटी होती.

"बस," ती म्हणाली.

"मी लावीन माझं मी."

"तुला पाठ पोचत नाय. बस म्हनते ना."

मी बसलो. भादरलेल्या डोक्यावर तिनं खोबरेल ओतलं आणि चोळायला लागली. काय जोरात चोळते ती, आत्या. डोळ्यांतून पाणी यावं इतकं.

"हळू गं."

"गप रं."

मग मी तिला विचारलं. म्हटलं, मी मुंबईत होतो तेव्हा या वर्षभरात आत्या तुला कधी काही बोलली का. ती माझ्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "रोज कोकमतेल लावायची गालाला. मऊ पडलाय आता. आधी हसताना वडायचा."

"ते नाही विचारत. बोलली का काही?"

"तू दिवाळीवरनं गेलास ना, त्याच्यामागनं एकदा दुपारची मी हितं आले. आत्या दिव्यावर बिब्बा तापवत व्हती. म्हटलं पायाला लावत आसंल. तर तिनं सोताच्या गालाला लावला. हितं." वेणूनं आपल्या डागाला बोट लावलं. "चांगला माखला. मंग आरशी घेऊन बसली. मी तिला दिसले नाय."

"मग?"

"मंग काय. उतला नाय. दुसऱ्या दिशी परत लावला. नुसता काळा डाग पडला, तो धुतल्यावर गेला. जनमभर बिब्बे हाताळलेलं कातडं. तिला काय होतंय."

मी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"तवा रडली," वेणू म्हणाली. "मी तिला रडताना तेवढंच बघितलं. आरशी पालथी ठेवली आन् माझ्या नावानं हाक मारली, वेणे, हळद संपली काय बघ."

कातडं एकच असतं ना, आत्या? दिव्याजवळ बसून तुला तेव्हा कळलं असेल की नसतं. तुझं आणि वेणूचं एक नव्हतं. माझ्या पुस्तकात ज्याची टाच होती त्याचंही नव्हतं. मी तुला तेच सांगत होतो, आणि तुला ते कळलं तेव्हा मी मुंबईत होतो, आणि तू मला कळवलं नाहीस. म्हणून मी जिंकलो असं मला वाटत नाही. त्यानं वेणूचा गाल परत आला नाही. तुझाही जळला असता तर घरात दोन डाग झाले असते, एवढंच. त्याचा वेणूला काय उपयोग होता? तिला एक वाक्य हवं होतं. त्याला बिब्बा लागत नाही, दिवा लागत नाही.

"पण तुला ती कधी म्हणाली का," मी वेणूला परत विचारलं, "की माझं चुकलं?"

"नाय."

"तुला राग नाही येत?"

"येतो की," वेणू म्हणाली. "पाय पुढं कर."

मी पाय पुढे केला. तिनं माझी टाच हातात घेऊन पाहिली, तू बघायचीस तशी, मान वाकडी करून. भेगेत बोट घातलं. मी ओरडलो. तिनं लक्ष दिलं नाही. कोकमतेलाचा गोळा निखाऱ्यावर धरून तिनं तो मऊ केला, भेगेत भरला आणि अंगठ्यानं दाबत राहिली. पडवीतल्या उजेडात तिचा डाग मला नीट दिसत होता. कडेनं तो खरंच मऊ पडलाय. मधे आहे तसाच आहे.

"मुंबईला कोन लावतं का तुला?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग घेऊन जा एक गोळा. आन् पोट साफ हाय का?"

आता मी पेटी भरतोय. कोकमतेलाचा गोळा पळसाच्या पानात बांधून वेणूनं माझ्या पुस्तकांवर ठेवलाय, पुस्तकांना डाग पडणार. मी तो घेऊन जाणार आहे. पण त्याचा अर्थ मी तुला माफ केलं असा कुणी काढू नये, तूही काढू नकोस. माझ्या टाचा फुटल्या होत्या.